एमजीबी घरी सांभाळायची तर कार्बोरेटरला हात सगळ्यात शेवटी

एमजीबीसारखी जुनी ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार घेतलेला माणूस पहिल्याच रविवारी एक ठरलेली चूक करतो. गाडी मिस मारत असते, म्हणून तो बॉनेट उघडतो. समोर दोन चकचकीत एसयू बनावटीचे कार्बोरेटर (हवा-पेट्रोलचं मिश्रण करणारे भाग) दिसतात, हातात स्क्रूड्रायव्हर असतोच. संध्याकाळी गाडी सकाळपेक्षा वाईट चालते. मीही हेच केलं होतं, आणि एकदा नाही, तीन रविवार केलं. शेवटी दोष सापडला तो डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) आत, केसाएवढ्या उरलेल्या एका वायरीत. दोन्ही कार्बोरेटर बिचारे निर्दोष होते. त्यांना मीच बिघडवलं होतं.

म्हणून इथे क्रमाला महत्त्व आहे. आधी पत्रा, मग ब्रेक नि चाकं, मग ऑइल आणि टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप), मग वायरिंग आणि इग्निशन, आणि हे सगळं ठीक झाल्यावर कार्बोरेटर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, गाडी चालवून बघायची, वहीत लिहायचं, मगच पुढे जायचं.

मी इंग्लंडमध्ये राहतो आणि माझी गाडी १९६६ची एमजीबी रोडस्टर आहे, त्यामुळे खालची मापं त्या काळच्या पाच मेन बेअरिंगच्या १७९८ सीसी इंजिनाची आहेत. १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ही गाडी ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनली, पाच लाखांहून जास्त. मधल्या काळात तिच्यात पुष्कळ बदल झाले, म्हणून तुमच्या वर्षाचं वर्कशॉप मॅन्युअल जवळ हवंच. गाडी इतकी खपल्याचा फायदा आज आपल्याला मिळतो. वायसरपासून दरवाजापर्यंत सगळं मिळतं, १९८८पासून तर अख्खी नवी बॉडीसुद्धा.

आपल्याकडच्या लोकांना हे इंजिन परकं वाटायचं कारण नाही. ते बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) बी-सिरीज. आपल्या अँबॅसेडरमध्ये वर्षानुवर्षं जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं, ते याच घराण्यातलं धाकटं भावंड. ज्याने लहानपणी अँबॅसेडरचे टॅपेट सेट होताना पाहिलेत, त्याला एमजीबीचं रॉकर कव्हर उघडल्यावर ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटतं.

हत्यारं

मेट्रिक पाने बाजूला ठेवा. या गाडीचे बहुतेक नटबोल्ट इंची, म्हणजे एएफ मापाचे आहेत. ७/१६, १/२, ९/१६ आणि ५/८ हे चार रिंग पाने रोज लागतात. आपल्या जुन्या मिस्त्र्यांच्या भाषेत साडेतीन सूत, चार सूत, साडेचार सूत, पाच सूत. १३ मिमीचा पाना अर्धा इंची नटावर बसतो खरा, पण गंजलेल्या नटाच्या कडा गोल होतात आणि मग छिन्नी शोधावी लागते. याशिवाय फिलर गेज, टॉर्क रेंच, ग्रीसगन, मल्टिमीटर आणि १२ व्होल्टचा एक साधा बल्ब दोन वायरी जोडून. तारांची चाकं असतील तर तांब्याचा हातोडा.

एक ट्रॉली जॅक आणि चार भक्कम स्टँड घ्या, यात काटकसर नको. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली पाच मिनिटांसाठीही जायचं नाही. पेट्रोलचं काम दार उघडं ठेवून करा, अग्निशामक हाताशी ठेवा. इथल्या पुष्कळ घरांत गॅसचा बॉयलर गॅरेजमध्येच असतो, तिथे पेट्रोलचं काम नकोच.

पत्रा

एमजीबीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार पेलते. रोडस्टरला छतही नाही, त्यामुळे दाराखालची सिल ही शोभेची पट्टी नसून गाडीचा कणा आहे. ती आतून कुजली की गाडी मधून वाकते. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, ते चाकांनी उडून बरोबर तिथेच जाऊन बसतं.

लोहचुंबक आणि बोथट स्क्रूड्रायव्हर घेऊन सुरुवात करा. पुढच्या मडगार्डचा मागचा खालचा कोपरा, सिलची खालची शिवण, दाराच्या मागचा वाकडा भाग, सीटमागच्या बॅटरीच्या पेट्यांचा तळ आणि फ्लोअरच्या कडा तपासा. चुंबक चिकटला नाही तर रंगाखाली पुट्टी आहे. मग गाडी बाजूच्या जॅकिंग पॉइंटवर उचला आणि दार उघडून लावून बघा. दाराची फट बदलली, दार अडकायला लागलं, तर आत काही उरलेलं नाही. विकत घेण्याआधी ही परीक्षा मालकासमोर घ्या. जो मालक ती घेऊ देत नाही, त्याच्याकडचा चहा पिऊन निघा.

पुढच्या मडगार्डच्या आत, चाकाच्या वर, चिखल साचायची एक जागा आहे. दर वसंतात तिथला चिखल हाताने काढा आणि धुवा. माझ्या मते या गाडीसाठी एवढ्या कमी कष्टात एवढं मोठं काम दुसरं नाही. दारांच्या आणि सिलच्या तळाची भोकं तारेने मोकळी करा. मग कोरड्या दिवशी, गाडी आठवडाभर आत वाळल्यावर, सिलच्या पोकळीत वॅक्सॉइलसारखं मेण फवारा. ओल्या पोकळीत फवारलंत तर पाणी आत कोंडून ठेवाल.

सिल बदलणं घरी होतं, पण वेल्डिंगचा हात बसलेला असेल तरच. कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी आधार जोडावा लागतो, नाहीतर चौकट मिटते आणि नवी सिल जोडल्यावर गाडी कायमची वाकडी राहते. कुजलेल्या सिलवर नवा पत्रा मढवणारे लोक आहेत. तो पत्रा दोन हिवाळे टिकतो. मी स्वतः वेल्डिंग दुसऱ्याकडून करून घेतलं आणि त्याबद्दल मला जराही कमीपणा वाटत नाही.

ब्रेक आणि चाकं

या काळातल्या एमजीबीला ब्रेकचं एकच सर्किट आहे. एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले, उरतो तो हँडब्रेक. म्हणून रबरी होज वर्षातून दोनदा वाकवून बघा. बाहेरून चांगला दिसणारा होज आतून सुजतो, मग ब्रेक दाबल्यावर लागतो पण सुटत नाही. एखादं चाक प्रवासानंतर बाकीच्यांपेक्षा गरम लागलं तर कॅलिपर उघडण्याआधी होजवर संशय घ्या.

ब्रेक ऑइल डॉट ४, दर दोन वर्षांनी पूर्ण बदलायचं. ते हवेतली ओल शोषतं आणि सिलिंडर आतून गंजवतं. रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, रंग सोलून निघतो. हवा काढताना सर्वांत लांबच्या चाकापासून सुरू करा. मागच्या ड्रमचं ॲडजस्टमेंट बॅकप्लेटच्या चौकोनी टोकावर असतं. चाक अडेपर्यंत घड्याळाच्या दिशेने फिरवा, मग चाक मोकळं फिरेल एवढंच मागे आणा. हँडब्रेक लांब येतो म्हणून केबल आवळू नका, दहातल्या नऊ वेळा ड्रम ॲडजस्ट करायचे राहिलेले असतात. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे ड्रममधली धूळ फुंकून उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

तारांच्या चाकांची मधली चक्री दोन्ही बाजूंना उलटसुलट आट्यांची असते. लक्षात ठेवायची युक्ती सोपी आहे. गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरतं, त्या दिशेने ठोकलं की चक्री सुटते. कोणी हब चुकून अदलाबदल करून बसवले असतील तर चालता चालता चक्री सैल होते, म्हणून नवीन घेतलेल्या गाडीवर हे पहिल्याच दिवशी बघा. चाक काढलं की दातऱ्यांवर पातळ ग्रीस लावा. दातऱ्या धारदार टोकाच्या झाल्या असतील तर हब आणि चाक दोन्ही संपलंय. तारांवर पेन्सिलने टकटक करा, घट्ट तार वाजते आणि सैल तार बद्द आवाज करते.

ग्रीस

पुढच्या प्रत्येक चाकाच्या किंगपिनला (चाक ज्यावर वळतं त्या खुंट्याला) तीन निप्पल आहेत, ५,००० किलोमीटरला एकदा ग्रीस लागतं. बरेच लोक गाडी जमिनीवर उभी असताना ग्रीसगन मारतात आणि ग्रीस कडेने बाहेर आलं की समाधान मानतात. गाडी उचला, चाक लोंबकळू द्या, स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवत मारा, म्हणजे ग्रीस भारवाहक बाजूला पोचतं. प्रोपेलर शाफ्टचे आणि हँडब्रेक केबलचं निप्पल विसरू नका. पुढचे लिव्हर शॉकअब्जॉर्बर हेच सस्पेन्शनचे वरचे हात आहेत, त्यांतलं तेल गळत असेल तर भरत राहण्यापेक्षा दुरुस्त करून आणलेले बसवा.

ऑइल, फिल्टर, टॅपेट

इंजिनाला २०डब्ल्यू-५० मिनरल ऑइल, फिल्टरसकट साधारण सव्वाचार लिटर. ऑइल कूलर असेल तर थोडं जास्त. आधुनिक गाडीचं पातळ सिंथेटिक इथे नको. कॅम आणि टॅपेट एकमेकांवर घासतात, त्यांना जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं जुन्या पद्धतीचंच ऑइल लागतं. गिअरबॉक्सलाही हेच चालतं, ओव्हरड्राइव्ह असेल तर तोही याच ऑइलवर चालतो. मागच्या ॲक्सलला मात्र ९०चं हायपॉइड.

१९६६च्या इंजिनाचा फिल्टर खाली लटकणाऱ्या डब्यात असतो. डबा बसतो तिथे वरच्या खाचेत रबरी रिंग असते. जुनी रिंग काळी पडून धातूसारखीच दिसते, ती टोच्याने उकरून काढल्याशिवाय नवी बसवू नका. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर इंजिन सुरू होताच मिनिटभरात सगळं ऑइल जमिनीवर येतं. डब्यातली स्प्रिंग नि वायसर कोणत्या क्रमाने निघाले त्याचा मोबाइलवर फोटो काढा. पहिल्यांदा सुरू करताना प्लग काढून, इग्निशनची वायर सोडून, स्टार्टरने प्रेशर येईपर्यंत फिरवा. गरम इंजिन रस्त्यावर ५० ते ८० पीएसआय दाखवतं. स्लोला (गाडी उभी, इंजिन चालू) २०च्या आसपास उतरलं तर घाबरू नका.

टॅपेटचा गॅप थंड इंजिनावर ०.०१५ इंच, म्हणजे पंधरा थाऊ, ०.३८ मिमी. प्लग काढून, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून हाताने पुढे ढकलली की इंजिन फिरतं. व्हॉल्व्ह पुढून मागे १ ते ८ मोजा. बेरीज नऊ करायची. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना पहिला सेट करा, सहावा दाबलेला असताना तिसरा, चौथा दाबलेला असताना पाचवा. गेज आत सरकताना लोण्यात सुरी जावी तसं जाता कामा नये, हलकं धरलं पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू किंचित फिरतोच, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. थोडासा टिकटिक आवाज असू द्या. आवाज बंद करायला गॅप कमी ठेवलात तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट न टेकल्याने जळतो.

रॉकर कव्हरचं कॉर्क गॅस्केट गळतं म्हणून लोक नट आवळत जातात, कव्हर वाकतं, आणखी गळतं. इंजिनाच्या बाजूच्या टॅपेट झाकणांचंही तसंच. या इंजिनाखाली थोडं ऑइल पडणारच, जमिनीवर पुठ्ठा टाका.

वायरिंग आणि इग्निशन

लुकास कंपनीच्या वायरिंगवर इंग्लंडमध्ये विनोदांचा ढीग आहे. माझा अनुभव असा की वायरिंग बरंच शहाणं आहे, साठ वर्षांत मधे हात घालणारे मालक शहाणे नव्हते. रंग पाठ करा. तपकिरी म्हणजे बॅटरीतून थेट, फ्यूज नाही. पांढरी इग्निशन चालू केल्यावर. हिरवी इग्निशननंतर फ्यूजमधून. जांभळी फ्यूजमधून कायम चालू. लाल साइड आणि टेल लाइट, निळी हेडलाइट, काळी अर्थ, म्हणजे बॉडीला जोडलेली. काचेच्या लुकास फ्यूजवरचे ३५ अँपिअर हा तो उडण्याचा आकडा आहे, सतत पेलण्याची क्षमता त्याच्या निम्मी. आधुनिक पद्धतीचा ३५चा फ्यूज तिथे घातलात तर फ्यूजऐवजी वायर वितळेल.

१९६७च्या अखेरीपर्यंतच्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थ आहेत आणि सीटमागे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेत. म्हणजे बॉडीला प्लस जोडलेला. काम सुरू करताना आधी बॉडीकडची वायर सोडायची, ती इथे प्लसची असते. मोबाइल चार्जर किंवा नवा रेडिओ सरळ जोडलात तर तो जळेल.

निम्मे बिघाड वाईट अर्थमुळे असतात. इंजिन आणि बॉडी यांच्यामधली जाड पट्टी काढून दोन्ही टोकं घासून बसवा. ती तुटली असेल तर स्टार्टरचा करंट चोकच्या केबलमधून परत जातो. स्टार्टर मारताना चोकची केबल गरम लागली तर दुसरं निदान करायला नको. गोळीच्या आकाराचे जोड एकेक करून ओढा, घासा, व्हॅसलिन लावून परत बसवा. कंटाळवाणं काम आहे, एका दुपारचं.

आता डिस्ट्रिब्युटर, आपल्या मिस्त्र्यांचा डेल्को. टोपी काढा. पॉइंट (उघडझाप करून ठिणगी पाडणारी संपर्काची टोकं) खडबडीत असतील तर बदला. गॅप ०.०१५ इंच, फायबरची टाच कॅमच्या टोकावर असताना मोजायचा. टाचेला ग्रीसचा ठिपका, जास्त नको. मग आतली अर्थची बारीक वायर शोधा. व्हॅक्यूम ॲडव्हान्सने (इंजिनाच्या ओढीने ठिणगी आधी देणाऱ्या यंत्रणेने) प्लेट हलते तशी ती वायर हजारो वेळा वाकते, आतले धागे तुटतात आणि वरचं आवरण शाबूत दिसतं. माझे तीन रविवार खाल्ले ते हिनेच. व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढून बघा, प्लेट फिरली पाहिजे आणि जीभ नळीला चिकटून राहिली पाहिजे. हवा येत असेल तर डायफ्रॅम फाटलाय.

रोटर आणि कंडेन्सर जुने चालू असतील तर उगाच बदलू नका. मी एकदा 'सर्व्हिस करतोय तर नवा घालू' म्हणून स्वस्तातला नवा रोटर घातला, तो चाळीस मैलांवर आतून शॉर्ट झाला. पावसात रस्त्याकडेला जुना परत घातला आणि घरी आलो. तेव्हापासून काढलेला चांगला भाग डिकीत ठेवतो. गाडी थंडीत छान चालते आणि गरम झाल्यावर मरते, थांबून वीस मिनिटांनी पुन्हा सुरू होते, तर आधी कंडेन्सर.

प्लगचा गॅप ०.०२५ इंच, फायरिंग ऑर्डर १-३-४-२, रोटर घड्याळाच्या उलट फिरतो. टाइमिंगसाठी बल्ब घ्या. पुलीची खाच कॉम्प्रेशन स्ट्रोकला टीडीसीच्या (पिस्टन सर्वांत वर असतो त्या स्थितीच्या) १० अंश आधीच्या खुणेवर आणा. माझ्या इंजिनात या खुणा खालच्या बाजूला आहेत, गाडीखाली आडवं व्हावं लागतं. बल्बची एक वायर डिस्ट्रिब्युटरच्या लहान टर्मिनलला, दुसरी अर्थला. इग्निशन चालू करा आणि डिस्ट्रिब्युटर सावकाश फिरवा. पॉइंट उघडताच बल्ब लागतो, त्याच क्षणाला आवळा. चढावर इंजिन खडखडलं तर अंशभर मागे घ्या.

पेट्रोल

ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१पासून साधं पेट्रोल ई१० झालं, म्हणजे त्यात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल आलं. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या मऊ करतं आणि नळी फुटते ती गरम एक्झॉस्टजवळ. सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या आर९ दर्जाच्या बसवा आणि इथेनॉल कमी असलेलं महागडं सुपर अनलेडेड भरा. शिशाचं पेट्रोल २०००पासून बंद आहे, त्यामुळे हेड उघडलंच तर एक्झॉस्टच्या सीट कडक धातूच्या करून घ्या. तोवर फक्त टॅपेटवर लक्ष ठेवा, गॅप वारंवार कमी होत असेल तर सीट झिजतेय.

इग्निशन चालू केल्यावर मागून पंपाची टकटक येते आणि थोड्या वेळाने थांबते. थांबत नसेल तर टाकी रिकामी, नळीत हवा, किंवा फ्लोटची सुई गळतेय. आवाजच येत नसेल तर पंपावर हलकेच ठोका. चालू झाला तर त्याचे पॉइंट संपलेत, घरी पोचाल, पण पुढच्या वेळी पोचालच असं नाही.

आणि आता कार्बोरेटर

इंजिन पूर्ण गरम करा, एअर फिल्टर काढा. वरच्या पितळी टोप्या उघडून डॅशपॉटमधलं (कार्बोरेटरच्या पिस्टनवरच्या घुमटातलं) ऑइल बघा. टोपीला जोडलेला डॅम्पर परत घालताना आटे लागायच्या साधारण अर्धा इंच आधी विरोध जाणवला पाहिजे. कार्बोरेटरचा पिस्टन बोटाने उचलून सोडा, खाली 'टक्' आवाज करत पडला पाहिजे. अडकत असेल तर जेट (पेट्रोल येण्याची बारीक नळी) मध्यावर नाही किंवा आत घाण आहे, तिथेच थांबून ते दुरुस्त करा. थ्रॉटलच्या दांड्याला वरखाली खेळ असेल तर तिथून हवा आत जाते आणि पुढचं सगळं ॲडजस्टमेंट वाया जातं.

दोन्ही कार्बोरेटरना जोडणाऱ्या दांड्यांचे क्लॅम्प सैल करा, म्हणजे दोन्ही स्वतंत्र होतील. चोक पूर्ण आत आहे ना आणि दोन्ही जेट वर गेलेत ना, ते बघा. रबरी नळीचं एक टोक कानाशी, दुसरं एकेका तोंडाशी धरा. दोन्हीकडे 'हिस्स' सारखाच येईपर्यंत स्लोचे स्क्रू फिरवा.

मग मिश्रण. मूळ स्थिती हरवली असेल तर जेट पुलाशी (कार्बोरेटरच्या तोंडातल्या उंचवट्याशी) सपाट आणून जेटखालचा नट बारा कडा, म्हणजे दोन पूर्ण फेरे, खाली घ्या. आता एका कार्बोरेटरची पिन वापरून पिस्टन जेमतेम एक मिलिमीटर उचला. इंजिन वेगाने चालायला लागलं आणि तसंच राहिलं तर मिश्रण रिच आहे (पेट्रोल जास्त), नट एक कड वर. इंजिन बसायला लागलं तर लीन (पेट्रोल कमी), एक कड खाली. क्षणभर किंचित वाढून पुन्हा स्थिरावलं तर बरोबर. दुसऱ्यावर तेच करा, मग पहिल्यावर पुन्हा, कारण एकाचा परिणाम दुसऱ्यावर होतो. शेवटी 'हिस्स' पुन्हा ऐका आणि क्लॅम्प आवळा.

दहा-बारा मैल नेहमीच्या वेगाने चालवा, मोकळ्या रस्त्यावर इंजिन बंद करून बाजूला थांबा, गार झाल्यावर चारही प्लग क्रमाने काढा. रंग मारी बिस्किटासारखा हवा. पहिले दोन प्लग पुढच्या कार्बोरेटरचे, नंतरचे दोन मागच्याचे. जोडीतले दोन्ही काजळीने काळे असतील तर त्या कार्बोरेटरचा नट एक कड वर घ्या, दोन्ही पांढुरके असतील तर एक कड खाली. एकच प्लग वेगळा दिसला तर कार्बोरेटरला हात लावू नका. त्या सिलिंडरचा टॅपेट, प्लगची वायर आणि कॉम्प्रेशन तपासा.